खुंटीवरची वर्दी

साल १९७९. मी तेरा वर्षांचा होतो. तापीकाठी आमचं गाव. गावाला पोलिसांचं औटपोस्ट. तिथला एक शिपाई पाटलाच्या वाड्यात खोली घेऊन राहायचा. संध्याकाळी वर्दी खुंटीला अडकवायची, बनियन-पायजम्यावर बाहेर पडायचं, आणि आमच्या वस्तीत यायचं. कधी कोंबडी, कधी अंडी, कधी दारूचे पैसे. गाव म्हणायचं, शिपाईदादा फिरायला गेला. आम्हाला माहीत होतं कुठे गेला.

त्या रात्री त्याने आमची तलंग धरली. आबा म्हणाला, "साहेब, पैसे द्या, मग न्या." बस्स. एवढंच बोलला. आमच्या दाराआड आबाची जुनी काठी उभी असायची. तराळकीची. शिपायाने तीच काठी घेतली आणि आबाला मारलं. डाव्या हाताचं हाड मोडलं. माय मधे पडली तर तिला लाथ. वस्ती जमली. तो म्हणाला, "पोलिसाच्या अंगावर येता काय रे? सगळ्यांना आत टाकतो." आणि तलंग घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आबाला बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने हाड मोडल्याचं लिहून दिलं. तो कागद घेऊन ठाण्यात गेलो. फौजदार म्हणाला, "तो ड्युटीवर नव्हता. त्याचं तुमचं खाजगी भांडण. एन.सी. लिहून घेतो, जा."

हाड मोडणं म्हणजे जबर दुखापत. तो दखलपात्र गुन्हा. एन.सी. होऊच शकत नव्हती. पण हे तेव्हा आमच्यात कोणाला ठाऊक?

मग वरच्या साहेबाकडे अर्ज. उत्तर आलं, खात्याची चौकशी चालू आहे, थांबा. थांबलो. एक महिना, तीन महिने, सहा महिने. आठव्या महिन्यात एका वकिलाने फी न घेता कोर्टात खाजगी फिर्याद लावली. तेव्हा समोरचा वकील उठून काय म्हणाला? म्हणाला, माझा अशील त्या रात्री हातभट्टीच्या शोधात वस्तीत गेला होता. म्हणजे कर्तव्यावर होता. कर्तव्याच्या ओघात काही घडलं असेल तर मुंबई पोलीस कायद्याचं कलम १६१ बघा. सहा महिन्यांच्या आत फिर्याद पाहिजे. मुदत टळली. फिर्याद फेटाळा.

फिर्याद फेटाळली.

ठाण्यात तो ड्युटीवर नव्हता. कोर्टात तो ड्युटीवर होता. माणूस तोच, रात्र तीच, काठीही तीच. छापा आला तरी त्यांचा, काटा आला तरी त्यांचाच.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना आबा एवढंच बोलला, "वर्दी खुटीले व्हती रे, पन हात वर्दीनाच व्हता."

हे वाक्य घेऊन मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं हिंडतो आहे. इतिहास वाचला तो ह्या वाक्यासाठी. कायद्याची पुस्तकं चाळली ती ह्या वाक्यासाठी. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

० ० ०

आधी काठीची गोष्ट.

ती काठी आमच्या घरात कशी आली? माझा आजा गावचा महार वतनदार. वतनदार हा शब्द कानाला मोठा लागतो. काम काय? सरकारी टपाल दुसऱ्या गावी पोचवायचं. साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं. सारा भरायला लोकांना चावडीवर बोलावून आणायचं. मेलेलं ढोर ओढायचं. चोरी झाली तर माग काढायचा. गावात परका माणूस आला तर पाटलाला वर्दी द्यायची. हो, तेव्हा वर्दी म्हणजे खबर. वर्दी द्यायची आमच्या आज्याने, वर्दी घालायची दुसऱ्याने.

१८७४ च्या वंशपरंपरागत वतनाच्या कायद्याने ही नोकरी पक्की बांधून टाकली. तिला वेळ नव्हती. दिवसा बोलावलं तर दिवसा, रात्री बोलावलं तर रात्री. वतनदार आजारी असला तर त्याचा बाप, भाऊ, पोरगा, कोणीतरी हजर पाहिजे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात ह्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते ह्याच गुलामीवर बोट ठेवून. एका माणसाच्या पगारात, तोही पगार म्हणावा की भीक, सगळं कुटुंब चोवीस तास सरकारचं आणि गावाचं नोकर. हे बिल त्यांना मंजूर करून घेता आलं नाही. कनिष्ठ गावकामगार वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यावर. आबाच्या हातची काठी तेव्हा दाराआड उभी राहिली. फेकली नाही. का फेकली नाही ते त्यालाच ठाऊक.

आता दुसरी चोवीस तासांची नोकरी बघा.

१८६१ च्या पोलीस कायद्यात कलम २२ आहे. पोलीस अधिकारी हा सदैव कर्तव्यावर आहे असं समजलं जाईल. मुंबई राज्याने १९५१ साली आपला पोलीस कायदा केला, त्यात हेच कलम २८ म्हणून आलं. आज त्या कायद्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा झालं आहे, कलम तिथेच आहे. सदैव म्हणजे सदैव. जेवताना, झोपताना, रजेवर, लग्नात, दारूच्या गुत्त्यावर.

म्हणजे ह्या मुलखात कायद्याने चोवीस तास ड्युटीवर धरलेली दोन माणसं होती. एक महार, एक पोलीस. महाराला चोवीस तासांची ड्युटी होती आणि अधिकार एकाही तासाचा नव्हता. पोलिसाला अधिकार चोवीस तासांचा, आणि जबाबदारी? ती वर्दीबरोबर खुंटीला.

हे मी रागाने लिहितो आहे असं कोणी म्हणेल. म्हणो. पण कलम २८ फौजदाराच्या टेबलावरच्या पुस्तकात होतं. 'तो ड्युटीवर नव्हता' हे वाक्य त्याच्या कायद्यातच बसत नव्हतं. शिवाय त्याच पुस्तकात कलम २५ होतं. शिस्तभंग, गैरवर्तन, किंवा शिपायाला आपल्या कामाला नालायक ठरवणारं कोणतंही कृत्य, ह्यासाठी खातं त्याला शिक्षा करू शकतं, बडतर्फ करू शकतं. 'कोणतंही कृत्य' लिहिलं आहे. 'ड्युटीच्या वेळेतलं कृत्य' लिहिलेलं नाही. दारू पिऊन म्हाताऱ्याचं हाड मोडणारा माणूस पोलीस राहायला लायक आहे का, एवढाच प्रश्न. त्याला घड्याळ लागत नाही.

० ० ०

खानदेशातल्या पोलिसाचा जन्म कसा झाला हेही सांगितलं पाहिजे. कारण आपल्याला वाटतं पोलीस म्हणजे आभाळातून पडलेला.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. सातपुड्यातले भिल्ल त्यांना आवरेनात. फासावर लटकवून झालं, पलटणी पाठवून झाल्या. मग १८२५ साली औट्रम नावाच्या साहेबाने भिल्लांचीच पलटण उभी केली, खानदेश भिल्ल कोअर. ठाणं धरणगावला. आजचा जळगाव जिल्हा. काल ज्याला चोर म्हणून मारत होते त्याच्याच खांद्यावर बंदूक दिली आणि म्हणाले, आता तुझ्या भावाला धर. हिंदुस्थानात पोलीस असाच तयार झाला. खालच्याला खालच्यावर बसवायचं, आणि वरच्याने वर बसायचं.

ह्यातूनच खाज्या नाईकाची गोष्ट निघते. शिरपूरहून सेंधव्याकडे जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, त्याच्या राखणीवर कंपनीने खाज्या नाईकाला ठेवलं. वीसेक वर्षं नोकरी केली. १८५० च्या सुमारास लुटीच्या संशयावरून धरलेल्या एका माणसाला त्याने इतकं मारलं की तो मेला. कंपनीने खटला चालवला आणि दहा वर्षांची शिक्षा दिली. निम्मी भोगून सुटला, पुन्हा नोकरीत घेतला, आणि १८५७ ला त्याने इंग्रजाविरुद्ध हत्यार उचललं. भीमा नाईकाबरोबर सातपुडा पेटवला. १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. पुढे तो मारला गेला.

खाज्या नाईक आपला वीर आहे. त्याचं नाव घेताना माझी मान ताठ होते. पण इतिहास लिहायला बसलो आहे, तर मेलेल्या त्या संशयिताला गाळून पुढे जाता येणार नाही. तोही कोणाचा तरी बाप असेल. वीराच्या हातून झालं म्हणून ते मारणं चांगलं होत नाही. कंपनीचा हिशेब आपल्याला कळतो. भिल्ल नाईकाला दहा वर्षं द्यायला तिचा हात थरथरला नाही. पण म्हणून शिक्षाच चूक होती असं नाही. चूक ही होती की तीच शिक्षा वरच्या कातडीला, वरच्या जातीला होत नव्हती. ही गोष्ट आजही लक्षात ठेवा. खात्यात बळी द्यायची पाळी येते तेव्हा शिपाई सापडतो, साहेब सापडत नाही.

इंग्रजालाही आपल्या पोलिसाचा भरवसा नव्हता. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरायचा नाही हा नियम १८६१ च्या फौजदारी कायद्यात आला आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ म्हणून बसला. ज्याच्या हाती काठी दिली त्याच्या हातचा कागद कोर्ट वाचणार नाही. सरकारनेच लिहून दिलेलं हे प्रमाणपत्र आहे.

० ० ०

आता जातीकडे येतो.

१९२९ साली बाबासाहेब खानदेशात आले होते. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला नेमलेल्या स्टार्ट कमिटीचे ते सभासद होते. धुळ्याच्या लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता, त्याच्या चौकशीसाठी ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. टांगा द्यायला तयार, हाकायला तयार नाही. शेवटी आपल्यातल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तारीख २३ ऑक्टोबर १९२९.

सरकारी कमिटीचा सभासद, बॅरिस्टर, कौन्सिलर. सरकारी कामावर असलेला. आणि टांगेवाल्याला तो फक्त महार दिसला. म्हणजे आमचा माणूस ड्युटीवर असला तरी जात बघतात, आणि त्यांचा माणूस ड्युटीवर नसला तरी त्याची सत्ता बघतात. चाळीसगावच्या त्या पुलावर हे दोन्ही कळतं.

१९३० सालच्या त्या कमिटीच्या अहवालात अस्पृश्यांना पोलीस खात्यात घ्यायचा प्रश्नही होता. बाबासाहेबांनी हा प्रश्न सोडला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. गावात सवर्ण आपल्याला मारतो आणि पोलीसही त्याचाच भाऊबंद असतो. मग फिर्याद कोणाकडे? पुढे ३१ जुलै १९३७ ला ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. दरवर्षी ३१ जुलैला आपली माणसं तिथे जमतात. मीही आबाबरोबर गेलो आहे. मोडका हात गळ्यात बांधून आबा डोंगर चढला होता.

वर्दी उतरली की आत काय उरतं? जात उरते. शिपाई घरी आला की तो कोणाचा तरी जावई, कोणाचा तरी भाऊ, पाटलाच्या वाड्यातला भाडेकरू. वाड्यात जेवतो, वाड्याचं ऐकतो. त्याचा वस्तीवरचा हात हा पोलिसाचा की पाटलाचा, हे वस्तीला सांगता येत नाही. दोघांचा मिळून असतो.

मुंबईत हे उघडं पडलं. ५ जानेवारी १९७४. वरळीला पँथरची सभा. सभेवर दगड, मग पोलिसांच्या लाठ्या, मग दंगल. बी.डी.डी. चाळींतून ती महिनोन् महिने धुमसत राहिली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. ह्या चाळींत पोलिसांची बिऱ्हाडं पुष्कळ. दलित चाळींतल्या लोकांचा तेव्हापासूनचा आरोप आहे, की दिवसा वर्दीत बंदोबस्ताला उभे असलेले काही जण रात्री बिनवर्दीचे आमच्यावर चालून आले. दंगलीच्या चौकशीला न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला गेला. पण बिनवर्दीच्या माणसाचा बिल्ला नंबर नसतो, आणि नंबर नसला की खात्यात माणूसच नसतो. अंधारात ओळखलेला चेहरा आमच्याकडे होता. खात्याला नंबर पाहिजे होता.

० ० ०

बाईवर येतं तेव्हा हा खेळ आणखी वाईट.

२६ मार्च १९७२ ची रात्र. चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीतलं, देसाईगंज ठाणं. एक आदिवासी मजूर मुलगी भावाने दिलेल्या तक्रारीसाठी ठाण्यात आणलेली. जबाब झाले, काम संपलं, जमादार घरी गेला. मग तिथल्या दोघा पोलिसांनी तिला थांबवून घेतलं आणि तिच्या माणसांना बाहेर काढलं. पुढचं सगळ्या देशाला माहीत आहे. मथुरा खटला म्हणून. १९७४ ला सेशन कोर्टाने दोघांना सोडलं. १९७६ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. मुलीने आरडाओरड केली नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणून.

कागदावर ठाण्याचं काम संपलं होतं. पण भिंती ठाण्याच्याच होत्या, दार लावणारा हात पोलिसाचाच होता. रात्री ठाण्यात कोंडलेली मजुराची पोर कोणाच्या नावाने ओरडणार? ओरडून बोलावतात पोलिसाला. इथे पोलीसच समोर.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार ह्या चार कायद्याच्या मास्तरांनी सरन्यायाधीशाला उघडं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या. १९८३ ला कायदा बदलला. पोलिसाने आपल्या ठाण्याच्या हद्दीत, कोणत्याही ठाण्याच्या आवारात, किंवा ताब्यातल्या बाईवर बलात्कार केला तर कमीत कमी दहा वर्षं. आणि शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं.

ह्या कायद्यातली एक गोष्ट नीट वाचा. 'ठाण्याच्या हद्दीत' म्हटलं आहे, 'ड्युटीच्या वेळेत' म्हटलं नाही. एका आदिवासी मजूर पोरीच्या अंगावरून गेलेल्या त्या रात्रीने घड्याळ कायद्यातून काढून टाकलं. हद्द मात्र ठेवली.

१९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आणखी पुढे गेला. कलम ३, पोटकलम २, खंड सात. लोकसेवक असून जो ह्या कलमाखालचा कोणताही गुन्हा करील त्याला कमीत कमी एक वर्ष, आणि वर त्या गुन्ह्याची असेल तेवढी शिक्षा. लोकसेवक 'असून'. लोकसेवक म्हणून काम करताना, असं नाही. वेळही नाही, हद्दही नाही. आबाचं वाक्य दहा वर्षांनी पार्लमेंटने लिहिलं म्हणा. आणि कलम ४ म्हणतं, जो लोकसेवक मुद्दाम आपलं कर्तव्य टाळील, फिर्याद नोंदवणार नाही, त्यालाही सहा महिने ते एक वर्ष. म्हणजे आमच्या शिपायाला खंड सात लागला असता, आणि आमच्या फौजदाराला कलम ४. पण आमची रात्र १९७९ ची. कायदा अमलात आला जानेवारी १९९० ला.

० ० ०

मग १९७९ ला आमच्या बाजूने काहीच नव्हतं का? होतं. हेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

त्याच कलम १६१ वर सुप्रीम कोर्टाने त्याआधी तेराएक वर्षं निकाल दिलेले होते. दोन्ही खटले महाराष्ट्र सरकार विरुद्ध आपल्याच राज्यातले पोलीस. एक नरहरराव, लाच घेऊन खोटा पंचनामा केल्याचा. दुसरा आत्माराम, तपासात माणसं कोंडून मारल्याचा. कोर्टाने सांगितलं, काम करताना घडलं म्हणून ते कामाच्या नावाखाली घडलं असं होत नाही. कृत्याचा आणि कर्तव्याचा सरळ संबंध पाहिजे. माणसाला मारझोड करणं हे पोलिसाचं कर्तव्य कधीच नव्हतं, म्हणून सहा महिन्यांचं कवच त्याला नाही. फिर्याद चालवा.

हातभट्टीच्या शोधात आलेला शिपाई तलंग का धरतो? हाड का मोडतो? ह्या निकालाने आमची फिर्याद वाचली असती. आमचा वकील भला माणूस. पण त्याच्याकडे ती पुस्तकं नव्हती, आणि कोर्टाने स्वतःहून काढली नाहीत. शिवाय सरकारची पूर्वपरवानगी मिळाली तर दोन वर्षांपर्यंत खटला चालू शकतो, हेही त्याच कलमात लिहिलं होतं. आम्हाला सहा महिने 'थांबा' सांगणाऱ्या कचेरीला हे कलम ठाऊक नसेल? असेल. म्हणूनच थांबा म्हणाले.

अज्ञानाने आपण हरतो हे अर्धं खरं आहे. आपलं अज्ञान कोणीतरी राखून ठेवतं, हे बाकीचं अर्धं.

० ० ०

कोणी म्हणेल, हे सगळं जुनं. आता तसं नाही.

बघू या. सुप्रीम कोर्टाने २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण करा. महाराष्ट्राने २०१४ ला कायदा दुरुस्त केला आणि जिल्ह्याऐवजी विभाग घातला. आमचा विभाग नाशिक. जळगावहून नाशिक अडीचशे किलोमीटरच्या आसपास, धुळ्याहून दीडशे. रोजावर जाणाऱ्या बाईने एक दिवसाची मजुरी बुडवून, भाडं घालून तिथे जायचं, पुढच्या तारखेला पुन्हा जायचं. हक्क आहे, पण त्याला एस.टी.चं तिकीट लागतं.

६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात दंगल झाली. पोलिसांच्या गोळ्यांनी सहा मुसलमान पोरं मेली. पोलीसच मोडतोड आणि लूट करताना लोकांनी मोबाइलवर टिपले, म्हणून त्यातल्या काहींना अटक झाली. व्हिडिओ नसता तर?

अश्विनी बिद्रे ही स्वतः पोलीस अधिकारी होती. एप्रिल २०१६ ला नाहीशी झाली. तिचा खून पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याने केला. ड्युटीवर नाही, स्वतःच्या घरात. घरच्यांनी उंबरे झिजवले तेव्हा जानेवारी २०१७ ला गुन्हा नोंदला. त्याच जानेवारीत ह्या माणसाला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. अटक डिसेंबर २०१७ ला. जन्मठेप एप्रिल २०२५ ला. वर्दीतल्या बाईला वर्दीतल्या पुरुषाविरुद्ध न्याय मिळायला नऊ वर्षं लागली. मग बिनवर्दीच्या आपल्या बायांचा हिशेब करा.

आणि परभणी. डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक चिडले, धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी, कायदा शिकणारा पोरगा, कोठडीत मेला. त्याच्या आईला गुन्हा नोंदवा एवढंच म्हणायला हायकोर्टात जावं लागलं. आमच्या जळगाव-धुळ्याची अपिलं ज्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, त्यानेच ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३० जुलैला तिथे हरलं. हे तर ड्युटीवरचं, ठाण्यातलं. तिथे ही कथा, तर बनियनवरच्या शिपायाचं काय?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्याची नावं बदलली. नव्या संहितेत एक बरं आहे. लोकसेवकावर खटला भरायची परवानगी सरकारने १२० दिवसांत द्यायची की नाही ते ठरवायचं. नाही ठरवलं तर दिली असं धरायचं. बलात्कार, विनयभंगासारख्या गुन्ह्यांना तर २०१३ पासून परवानगीच लागत नाही. पण एक वाईट आहे. लोकसेवकाने कर्तव्य करताना केलेल्या कृत्याची तक्रार असेल, तर मॅजिस्ट्रेटने तपासाचा हुकूम देण्याआधी त्याच्या वरच्या साहेबाचा अहवाल मागवायचा आणि त्याचं स्वतःचं म्हणणंही विचारात घ्यायचं. म्हणजे फिरून तोच प्रश्न, तो कर्तव्यावर होता का? आमच्या कोर्टातला तो वकील मेला, त्याचं वाक्य जिवंत आहे.

० ० ०

आता आपली पोरंही पोलिसात आहेत. माझा पुतण्या आहे. त्याच्या वर्दीला इस्त्री करताना त्याची माय रडली होती, अभिमानाने. बाबासाहेबांनी मागितलं होतं ते मिळालं. पण मी त्याला सांगितलं, बाळा, दारू पिऊन तू कोणाच्या दारात गेलास, आणि तो मांग असो, पारधी असो, भिल्ल असो, तुझ्या स्वतःच्या गल्लीतला बौद्ध असो, तर मी स्वतः तुझ्याविरुद्ध फिर्याद देईन. ॲट्रॉसिटी कायदा तुला लागणार नाही, पण कलम २५ आणि कलम २८ तुलाही आहेत. खाज्या नाईकाची गोष्ट त्याला पूर्ण सांगितली, मेलेल्या माणसासकट.

वाचणाऱ्या भावांनो, बायांनो, म्हणून एवढं लक्षात ठेवा. असा प्रसंग आला तर तारीख, वेळ, साक्षीदार लगेच लिहून ठेवा. अंगावर वर्दी होती की नव्हती, तो काय बोलला, 'पोलीस आहे' म्हणाला का, तेही लिहा. दखलपात्र गुन्हा असेल तर ठाण्याला नोंदवावाच लागतो. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली पाच न्यायाधीशांनी बसून हे सांगितलं आहे. नाही नोंदवला तर एस.पी.ला टपालाने लेखी अर्ज, पोचपावती जपून. तरी नाही तर मॅजिस्ट्रेट. आणि खात्याची चौकशी चालू आहे म्हणून कोणी थांबा म्हणालं तर थांबू नका. चौकशी वेगळी, खटला वेगळा. दोन्ही एकाच वेळी चालतात. मुदत मोजत राहा. आमची आठव्या महिन्यात गेली.

आबा २००३ ला गेला. हात शेवटपर्यंत वाकडाच राहिला. तो शिपाई पुढे जमादार होऊन पेन्शनीत निघाला असं ऐकलं. काठी अजून आमच्या घरी आहे. मी तिला दाराआड ठेवत नाही. पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली आहे. पोरं विचारतात, ही काय? मी सांगतो, पुरावा.